पंचवीस लाखांचा चुकारा

आमच्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या, सदऱ्याला आतून एक चोरखिसा असायचा. देवळीच्या शिंप्याला ते तो मुद्दाम शिवायला लावत. बाहेरच्या खिशात चष्मा, पेन आणि सुपारीचं खांड. चोरखिशात फक्त कागद, आणि तो कागद बहुतेक वेळा कापसाच्या चुकाऱ्याचा.

चुकारा हा शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विकलेल्या मालाचे पैसे म्हणजे चुकारा. माल आज द्यायचा, चुकारा कधी मिळेल ते मुंबईला माहीत. 1972 साली सरकारची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि कापूस दुसऱ्या कुणाला विकायची सोयच राहिली नाही. केंद्रावर गाडी लावायची, दोन-दोन रात्री थंडीत रांगेत काढायच्या, ग्रेडरने मूठभर कापूस ओढून प्रत ठरवायची आणि आपण पावती घेऊन घरी यायचं. पैसे हप्त्याहप्त्याने. त्यातही ह्या निधीची कपात, त्या कर्जाची कपात. ‘मंजूर झाले, आता याचेच रायले’ हे वाक्य मी लहानपणी पाढ्यांपेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. आत्याच्या लग्नाची तारीख चुकाऱ्यावर, विहिरीचं खोदकाम चुकाऱ्यावर, मोठ्या आईची सोन्याची एकदाणी चुकाऱ्यावर.

एकदा मीही त्या रांगेत मुक्काम केला होता, पुलगावला. सातवी-आठवीत असेन. गिरणीचा भोंगा ऐकायची हौस, म्हणून हट्टाने गाडीवर बसलो. मोठ्या आईने फडक्यात ज्वारीच्या भाकरी, घट्ट चून आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता. रात्री गाड्यांखाली शेकोट्या पेटल्या, कुणीतरी भजन धरलं आणि मी कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत शिरून झोपलो. तसली गादी पुन्हा मिळाली नाही. बैलजोडीतला एक पाखऱ्या. दुसरा तांबूस होता, त्याचं एक शिंग जरासं आत वळलेलं. डोळ्यांपुढे अजून उभा राहतो, नाव तेवढं येत नाही.

मोठे बाबा 25 लाखांना फसले, असं आमच्या नात्यात म्हणतात. ते चूक आहे. 25 लाख त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. ते फसले 1 लाख 86 हजारांना. 25 लाख हा त्यांचा न आलेला चुकारा.

पण तिथवर जायचं तर आधी बाबाजींकडे, म्हणजे आमच्या आजोबांकडे जायला हवं. नशिबाला हात लावून पाहायची खोड त्यांच्यापासूनची.

बाबाजी आकडा लावत. घरात हे कुणी उघड बोलत नसे, पण आजीच्या तोंडून सुटायचं. सकाळी परसात भेटलेल्या बायांना ती विचारायची, ‘काल सपनात काय दिसलं वं?’ साप दिसला तर एक आकडा, पाणी दिसलं तर दुसरा, मेलेला माणूस जेवताना दिसला तर फारच चांगलं. कुठल्या सपनाला कुठला आकडा, ते आता सांगता येणार नाही. आजी ते कोष्टक सोबत घेऊन गेली. बाबाजी नंतर मोहल्ल्यातल्या पानठेल्यावर जाऊन चिठ्ठी देत. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द मला बाराखडीच्या आगेमागेच कानावर पडले.

ह्या आकड्याचं मूळ कापसात आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा हसू आलं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईला यायचा. तिथले लोक त्या भावाच्या आकड्यांवर पैजा लावायचे. म्हणून ओपन, म्हणून क्लोज. 1961 साली न्यूयॉर्कचे भाव येणं थांबलं, तर लोक थांबतात होय? 1962 मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला खेळ सुरू केला. मडक्यात चिठ्ठ्या टाकायच्या, म्हणून नाव पडलं मटका. म्हणजे बघा, पिकवायचा कापूस आम्ही, त्याचा भाव ठरायचा सातासमुद्रापार, आणि त्या भावाच्या सावलीवर आमचेच बाबाजी पानठेल्यावर चार आणे लावायचे. शेतातही जुगार आणि ठेल्यावरही जुगार. ठेल्यावरच्या जुगाराला निदान पावसाची वाट पाहावी लागत नव्हती.

हिंगणघाटचा कापूस एकेकाळी मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना नावाने माहीत होता. 1861 ते 65 अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्या खापरपणजोबांनी त्या तेजीत गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असं बाबाजी सांगत. चांदीच्या धावेवर गाडी चार कोस तरी चालेल का, असं मी एकदा विचारलं होतं. बाबाजी चिडले. ‘तुले काय माहीत बे, तवाचे रस्ते मऊ होते!’ मला आता वाटतं, ती गोष्ट खरी असण्या-नसण्याला काही अर्थ नव्हता. आपल्या घरावरून एकदा लक्ष्मी गेलेली आहे, तिला वाट ठाऊक आहे, ती पुन्हा येईल, एवढं त्या चांदीच्या धावेत होतं.

मोठे बाबा मात्र आकड्याच्या विरुद्ध. ते सातवी पास, टोपी घालणारे, पवनारला विनोबांचं प्रवचन ऐकून आलेले. चहा पीत नसत. गुळाचं पाणी पीत. आमचा वर्धा जिल्हा गांधींचा. 1974 पासून दारूबंदीचाही. दारू मिळत नाही असं नाही, पण ती लाजत मिळते, एवढा तरी फरक पडला. मटका चोरून चालायचा. लॉटरी मात्र सरकारी. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 साली निघाली, ती मटक्यावरचा उतारा म्हणूनच. मोठ्या बाबांचा तर्क सरळ होता: सरकारने काढलं ते पाप कसं असेल? वर्ध्याला काम निघालं की स्टेशनाबाहेरून ते एक तिकीट घेत आणि चोरखिशात पावतीच्या घडीत ठेवत. एकदा काहीतरी लागलंही. मला 50 रुपये आठवतात, आत्या म्हणते 100 होते. त्या दिवशी त्यांनी गोरसपाकाचे दोन पुडे आणले आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी दोन-दोन तुकडे पोचवले. लागलेल्या पैशांतले किती उरले असतील कोण जाणे. पण ‘लागली’ ह्या शब्दाची चव माझ्या जिभेवर अजून तुपाची आहे.

आता माझी गोष्ट. 1979 किंवा 80 साल. कुठल्याशा मासिकाच्या मागच्या पानावर नऊ घरांचा चौकोन आला होता. 1 ते 9 आकडे असे भरा की कुठूनही बेरीज 15 यावी; अचूक उत्तराला ट्रान्झिस्टर इनाम. मी तो अर्ध्या तासात सोडवला. (मधल्या घरात 5, हे एकदा कळलं की बाकी सोपं आहे.) पोस्टकार्ड टाकलं. पंधरा दिवसांनी छापील पत्र आलं: अभिनंदन, आपण विजेते आहात, ट्रान्झिस्टर व्हीपीने पाठवत आहोत, पॅकिंग आणि टपालखर्च 65 रुपये. पत्रावर गोल शिक्का होता. तो शिक्का पाहूनच आईचा विश्वास बसला असावा. तिने तुरीच्या डाळीच्या डब्यातून पैसे काढले. व्हीपीचा नियम असा की आधी पैसे मोजायचे, मग पार्सल हातात. पोस्टमन काका ओट्यावर बसले, पाणी प्यायले, पैसे मोजून घेतले आणि गंमत बघायला तिथेच थांबले. खोक्यात हिंदी वर्तमानपत्राचे बोळे होते, प्लास्टिकचं एक खेळणं होतं आणि वजनासाठी अर्धी वीट.

सगळे हसले. पोस्टमन हसले, काकू हसल्या, माझी बहीण तर आठवडाभर मला ‘विविध भारती’ म्हणत होती. मोठे बाबा गोठ्यातून आले, त्यांनी खोका पाहिला, मला पाहिलं. मग चौकोनाचा कागद मागितला आणि ओट्यावर बसून आडवी, उभी, तिरपी बेरीज बोटाने करून पाहिली. म्हणाले, ‘गणित त बरोबर आहे ना पोट्ट्याचं. मंग हसता कायले?’ ती अर्धी वीट त्यांनी उचलली आणि डुगडुगणाऱ्या रांजणाखाली टेकू म्हणून सरकवली. रांजण डुगडुगायचा थांबला. घरातलं हसणंही थांबलं.

हे मी विसरायला नको होतं.

मोठ्या बाबांनी आयुष्यातला पहिला टेलिफोन पाहिला तो सेवाग्रामला. शाळेची सहल होती, की बाबाजींनी नेलं होतं, याबद्दल ते दर वेळी वेगळं सांगत. आश्रमातला तो जुना फोन व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून घेतला, असं तिथे सांगतात. गांधीजींशी सरकारला बोलता यावं म्हणून. मोठ्या बाबांच्या मनावर ते कायमचं बसलं. फोन म्हणजे मोठी माणसं मोठ्या कामासाठी वापरतात ती वस्तू. पुढे घरोघरी मोबाइल आले तरी ते उठून उभं राहून बोलत. माझ्या पुतण्याने जुना स्मार्टफोन दिला तेव्हा तो त्यांनी चोरखिशात ठेवला. चुकाऱ्याच्या पावत्या तोवर बंद झाल्या होत्या. खिसा रिकामाच होता.

2019 चं साल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस असा कोसळला की सोयाबीनच्या ढिगाला कोंब फुटले. त्याच्या थोडं आधी, सप्टेंबरात, कौन बनेगा करोडपतीमध्ये बबिता ताडे यांनी 1 कोटी जिंकले होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, महिन्याला 1,500 रुपये मिळवणाऱ्या. आमच्या गावात तो भाग लोकांनी ओट्यावर टीव्ही आणून पाहिला. मोठी आई म्हणाली, ‘आपल्याच भाषेतली बाई हाये वं ही!’ खिचडीवाली बाई करोडपती झाली हे खोटं नव्हतं. बच्चन समोर बसलेला सगळ्यांनी पाहिला होता.

आणि डिसेंबरात मोठ्या बाबांच्या फोनवर आवाज आला. व्हॉट्सअ‍ॅपवर अमिताभचा फोटो, तिरंगा, शिक्का आणि एक हिंदी बोलणारा माणूस. तुमच्या नंबराला 25 लाखांची लॉटरी लागली आहे. तिकीट घेतलं नाही तर लॉटरी लागेल कशी, हा प्रश्न आम्ही नंतर त्यांना हजार वेळा विचारला. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: ‘नंबराची लागली म्हणे.’ ह्या एकाच साच्याचे फोन तेव्हा देशभर जात होते, रक्कमही तीच, 25 लाख. कित्येक नंबर 92 ने सुरू होणारे, म्हणजे पाकिस्तानचे. मोठ्या बाबांना 92 काय आणि 91 काय.

आधी 8,200, फाइल चार्ज. मग 15,000, बँकेचे. मग 25,000 कशाचे ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. मग 48,000 इन्कम टॅक्स. शेवटी 89,800 जीएसटी. प्रत्येक वेळी ते पायी फाट्यावर गेले, तिथून बसने तालुक्याला, आणि बँकेत स्लिप भरून दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यात भरणा करून आले. सोयाबीनचे, तुरीचे, बँकेतल्या ठेवीचे पैसे. शेवटच्या भरण्याला मोठ्या आईची एकदाणी गेली. तिला सांगितलं होतं की तार ढिली झाली, सोनाराकडे टाकतो.

आता जाणत्यांना हे सगळं हास्यास्पद वाटेल. खऱ्या लॉटरीत 30 टक्के कर आधी कापून मगच बक्षीस हातात देतात. विजेत्याला ‘आधी कर भर’ असं कुणी सांगत नाही. परदेशी लॉटरीसाठी इथून पैसे पाठवणं तर 1999 च्या फेमा कायद्यानेच मना आहे. रिझर्व्ह बँक कुणा सामान्य माणसाचं खातं ठेवत नाही, हे ती बँक वर्षानुवर्षं ओरडून सांगते आहे. हे ठग तिच्याच लेटरहेडवर, तिच्याच अधिकाऱ्यांच्या खोट्या सह्यांची पत्रं पाठवतात.

पण मोठ्या बाबांच्या जागी बसून पाहा. ‘आधी पैसे भर, मग मिळेल’ ह्यात त्यांना संशय यावा असं काय होतं? सगळी हयात त्यांनी तेच केलं होतं. पीककर्जाला आधी स्टॅम्प. विहिरीच्या मंजुरीला आधी चहापाणी. मोटरपंपाच्या जोडणीला आधी डिमांड भरायची आणि मग खांबाची वाट पाहत चार उन्हाळे काढायचे. खरं सरकार असंच वागत आलं होतं. फाइल अडते, टेबल बदलतं, एक कागद कमी पडतो, साहेब रजेवर जातो, आणि तरीही शेवटी कधीतरी काहीतरी हातात पडतं. त्या फोनवरच्या ठगाने सरकारची हुबेहूब नक्कल केली होती. पैसे न मागता त्याने 25 लाख देऊ केले असते, तर कदाचित मोठे बाबा सावध झाले असते.

आणि रकमेचं म्हणाल, तर 2006 च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, आमच्या जिल्ह्यात वायफडला येऊन गेले, आणि कर्जापायी शेतकरी जीव देत होते अशा सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. वर्धा त्या सहात होता. 3,750 कोटी! हा आकडा मोठ्या बाबांनी रेडिओवर ऐकला आणि पारावर वाचूनही दाखवला. त्यातलं आपल्या शिवारात काय आलं, ते शोधण्यात गावाची बरीच वर्षं करमणूक झाली. इतके कोटी ऐकलेल्या कानाला 25 लाख खोटे का वाटावेत? शिवाय मोबाइलवर टुंग वाजून पैसे येतात हेही खोटं नव्हतंच. पीएम किसानचे 2,000 रुपये 2019 मध्येच तसे आले होते.

मोठ्या रकमेचं आमिष दाखवून आधी पैसे उकळायची ही तऱ्हा नवी नाही. फ्रान्समध्ये विदोक नावाचा एक गडी होऊन गेला, आधी चोर आणि मग पोलीस. 1828 च्या सुमारास छापलेल्या त्याच्या आठवणींत त्याने लिहिलंय की तुरुंगातले कैदी बाहेरच्या पैसेवाल्यांना पत्रं पाठवत: अमुक ठिकाणी खजिना पुरलाय, तो काढायला थोडी रक्कम पाठवा, अर्धा तुमचा. पुढे हाच ‘स्पॅनिश कैदी’ झाला, पुढे नायजेरियाचा राजपुत्र. तिकडच्या फसवणुकीच्या कलमाचा नंबर 419, म्हणून जगभर ह्या धंद्याला तेच नाव पडलं. आपलं चारसोवीस त्याच्या शेजारीच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि चारसोवीस कायद्यातून गेलं, लोकांच्या तोंडातून जाणार नाही. आमच्याकडे तर ह्याचा देशी अवतार कधीचा आहे. गावाबाहेर पाल टाकलेला कुणीतरी यायचा, खोदताना गिन्न्यांचा हंडा सापडला म्हणायचा, एक गिन्नी खरी सोन्याची देऊन जायचा. बाकीच्या हंड्यासाठी पैसे घेऊन रात्री माळावर या. आजीच्या माहेरी एकाने असे दोन एकर घालवले होते. गुप्तधनाच्या नादात गेलेले तर विचारू नका. अलीकडचं म्हणजे शेतात मोबाइल टॉवर लावून देतो, आगाऊ 20 लाख, महिन्याला भाडं, फक्त नोंदणीचे पैसे भरा. आमच्या शेजाऱ्याच्या धुऱ्यावर त्या टॉवरसाठी आखलेला चुन्याचा चौकोन मी पाहिला आहे. दोन पावसाळ्यांत पुसला.

फोनवरचा माणूस मोठ्या बाबांना ‘चाचाजी’ म्हणायचा. रोज सकाळी नऊच्या सुमारास फोन. जेवलात का, गुडघा कसा आहे, चाचीजींना नमस्कार सांगा. मी नागपूरला राहतो, दीड तासाच्या वाटेवर. त्या दोन महिन्यांत मी मोठ्या बाबांना किती फोन केले ते फोनमध्ये मागे जाऊन पाहिलं होतं. एक. संक्रांतीचा.

हे उघडकीला आलं एकदाणीमुळे. सोनाराकडे चौकशी झाली, मग बँकेचं पासबुक निघालं. पुतण्याने त्या नंबराला फोन लावला तर पलीकडच्याने शिवी घातली. मोठ्या बाबांना शिवी ऐकू गेली नाही, स्पीकर बंद होता. ते विचारत होते, ‘काय म्हणते तो? फाइल कुठवर आली?’

फसवणूक झाली की फोन करायचा 1930 नंबर तेव्हा नव्हता. 2021 मध्ये आधी दुसराच एक नंबर सुरू झाला, मग तो बदलून 1930 झाला. त्यावर लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात. आमच्या बाबतीत शेवटच्या भरण्यालाही तीन आठवडे उलटून गेले होते. आम्ही त्यांना एका ठाण्यात घेऊन गेलो. कोणतं ते लिहीत नाही, माणसं बिचारी वाईट नव्हती. पण तिथल्या एकाने अर्ज वाचून सहज विचारलं, ‘ह्या वयात इतकी लालच कायले केली जी बाबाजी?’ आणि मी हसलो. तिथल्या माणसाला बरं वाटावं म्हणून, विषय हलका व्हावा म्हणून, सवयीने, कशानेही असेल. हसलो. मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रांजणाखालच्या विटेची आठवण मला तेव्हा झाली नाही. चार दिवसांनी झाली, रात्री.

गावात पोरांनी त्यांना ‘बच्चन’ नाव पाडलं. आमच्या गावात नाव पडलं की सातबाऱ्यावर चढल्यासारखंच. रोज सकाळी पारावर ते पेपर मोठ्याने वाचून दाखवत, तीस-पस्तीस वर्षांचा नेम. तो त्यांनी बंद केला. लग्नाच्या पंगतीला जाईनासे झाले. वडाभात म्हणजे त्यांचा जीव, वरून हिंगाचं गरम तेल ओतलेला. मोठ्या आईने केला तर दोन घास खाऊन उठत. मोठी आई कधी त्यांना एकदाणीबद्दल बोलली नाही. तेही तिला बोलले नाहीत. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळा देशच घरात बसला, तेव्हा त्यांना बरं वाटलं असावं असं माझ्या मनात येतं. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी ते गेले. डॉक्टरांनी लिहिलं हृदयाचं. त्यात पैशाचा वाटा किती आणि माझ्या हसण्याचा किती, हे कोणत्या कागदावर लिहिलेलं नसतं.

मागे वाचलं, की असे फोन करायला ज्यांना बसवतात त्यांतली कित्येक पोरंही फसवूनच नेलेली असतात. नोकरीचं सांगून म्यानमारकडे न्यायचं, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि फोनवर बसवायचं. 2025 च्या मार्चमध्ये असे शेकडो भारतीय वायुदलाच्या विमानांनी परत आणले. मी मोठ्या आईला हे सांगितलं. ती गहू निवडत होती. म्हणाली, ‘त्याच्याबी मायले माहीत नसन मंग, पोरगं काय करून रायलं ते.’

तेराव्यानंतर आम्ही त्यांची पेटी उघडली. टोप्या, विनोबांचं एक पुस्तक, जुन्या लॉटरीच्या तिकिटांची रबर लावलेली गड्डी आणि शंभर पानी वही. वहीच्या मधल्या पानावर वर ‘श्री’, खाली 25,00,000 आणि मग उतरत्या अक्षरांत वाटणी. बँक. सोसायटी. मारुतीच्या देवळाचा सभामंडप. आत्याच्या घराचं छप्पर. पुतण्याचं कॉलेज. एकदाणी, त्यापुढे कंसात ‘आधीच्यापेक्षा जड’. पारावर सिमेंटचा बाक, पाठ असलेला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: ट्रान्झिस्टर, चांगल्या कंपनीचा. शेवटी त्यांनी बेरीज केली होती. ती बरोबर होती. मी दोनदा करून पाहिली.

मोठी आई आता एकटी असते. फोन चार्जिंगला लावलेला असतो, पण अनोळखी नंबर ती उचलत नाही. उचलला तर परीक्षा घेते. गेल्या दिवाळीत माझा नंबर बदलला. मी लावला, तीनदा वाजून बंद झाला, चौथ्यांदा तिने उचलला.

‘कोन?’

‘मोठीआई, मी बोलतोय.’

‘मी म्हंजे कोन? आन् नाव सांगू नको. नाव त्याहीले बी माहीत रायते.’

‘अवं, पुतण्या तुझा, नागपूरचा.’

‘असं सगळेच म्हणतेत.’ मागे फोडणीचा आवाज आला, मग ती जरा थांबली. ‘आपल्या जोडीतल्या बैलाचं नाव सांग बरं.’

‘पाखऱ्या,’ मी म्हटलं.

‘हाव. आन् दुसऱ्याचं?’

तांबूस रंग, आत वळलेलं शिंग, पुलगावची ती रात्र, गाडीखालची शेकोटी, सगळं समोर उभं राहिलं. मी ‘थांब, थांब, सांगतो’ म्हणेपर्यंत तिने फोन कापला.